पेन्सिलीचे गुण

"तीस वर्षं मी बायकांच्या दंडाला पट्टा बांधतेय," मी जुईला म्हटलं. "आता तुम्ही माझ्या मनगटाला बांधा. फिट्टंफाट."

जुई पाठारे हसली नाही. अठ्ठावीस वर्षांची ही इंजिनिअर मुलगी 'समतोल' नावाचं यंत्र बसवायला आमच्या कॉलेजात आली होती. निवड समितीच्या आम्हा तिघांना मनगटाला पट्टी आणि डोळ्यांना साध्या काचांचा चष्मा चढवून तिनं मशीन सुरू केलं, आणि बाहेर बसलेल्या पोरांपैकी पहिल्याला आत बोलावलं.

मी डॉ. वैजयंती दातार, स्त्रीरोग विभागाची प्रमुख. पुण्यातल्या आमच्या या कॉलेजात प्रवेशपरीक्षेच्या गुणांना मुलाखतीचे तीस गुण जोडायला लागले त्याला चौदा वर्षं झाली, आणि चौदाही वर्षं मी समितीवर होते. तिघं सभासद, प्रत्येकाच्या हातात दहा गुण. माझा निःपक्षपातीपणा सगळ्या कॉलेजला माहीत होता. मला स्वतःला तर जरा जास्तच माहीत होता.

पहिला मुलगा बसला. त्याची भीड मोडावी म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

उत्तर येताच मनगटावरची पट्टी थरथरली. मुलगा सांगलीचा निघाला. दुसऱ्या मुलीला विचारलं, पुन्हा थरथरली. चौथ्या मुलापर्यंत मी वैतागले आणि चहाच्या सुट्टीत जुईला गाठलं.

"गाव विचारणं हा काय गुन्हा झाला? आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्यालाही विचारतात."

"म्हणूनच पट्टी थरथरते, मॅडम," ती म्हणाली. "उत्तर आलं की तुमची नाडी बदलते. दर वेळी. गाव कळलं की बाकीचं सगळं कळल्यासारखं वाटतं आपल्याला."

मग तिनं जे समजावलं ते ऐकायला सोपं होतं. माणूस दारातून येतो, तोंड उघडतो, आणि पहिल्या पाच-सात सेकंदांत आपलं शरीर त्याच्याबद्दल मत बनवून मोकळं होतं. डोळ्यांतली बाहुली मोठी होते किंवा आकसते, तळहाताला बारीक घाम येतो, नाडी पुढेमागे होते. उरलेली बारा मिनिटं आपण त्या मताला कारणं पुरवत बसतो. आता एका मुलाखतीतल्या खुणांवरून काहीच सिद्ध होत नाही, खिडकीतून ऊन आलं तरी बाहुली आकसते. म्हणून यंत्र शेकडो मुलाखती एकमेकींशी ताडून बघतं. एकाच तोडीची उत्तरं देणाऱ्या दोन मुलांना तुम्ही वेगवेगळे गुण दिलेत, आणि त्या दोघांत फरक फक्त कपड्यांचा किंवा आडनावाचा किंवा बोलण्याच्या ढंगाचा होता, असं एकदा घडलं तर योगायोग. पन्नासदा घडलं तर त्याला ते 'झुकाव' म्हणतात. प्रवेश संपले की प्रत्येक सभासदाला त्याच्या झुकावाचं पत्रक मिळतं, ज्याचं त्याला, बंद खोलीत.

माझं पत्रक जुलैत आलं. मी चष्मा सावरून वाचायला घेतलं. आडनाव: झुकाव नाही. रंग: नाही. मुलगा की मुलगी: नाही. पालकांचा व्यवसाय: किंचित, डॉक्टरांच्या मुलांविरुद्ध. हे वाचून मला बरंच वाटलं. मग शेवटची ओळ आली.

बोली, वऱ्हाडी: तीव्र, विरुद्ध. सरासरी वजावट दहापैकी अडीच.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"असेलही," जुई म्हणाली. "पण का चुकलंय असं वाटतं?"

ते मी तिला सांगितलं नाही. मी माहेरची वैजयंती खंडारे. माझे वडील दर्यापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. मी सतराव्या वर्षी पुण्याला शिकायला आले, होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी "मले भाजी द्या" म्हटलं, आणि अख्खं टेबल खिदळलं. त्यानंतर वर्षभर मी बाथरूममध्ये नळ सोडून 'मला, तुला, आहे, नाही' घोकत होते. पुढे दातारांशी लग्न झालं, आडनावही बदललं. कुणी गाव विचारलंच तर मी "अमरावतीकडचं" म्हणते आणि विषय बदलते. माझ्या आईच्या बोलीविरुद्ध मी? काहीतरीच.

तणतणत वॉर्डात आले. लेबर रूममध्ये तीन नंबरच्या टेबलावर एक पहिलटकरीण ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. तिच्या उशाशी आचल उभी होती.

आचल भटकर माझ्या वॉर्डातली सिस्टर. सात वर्षं माझ्या हाताखाली. वय तीस, अंगानं बारीक, आणि हात असे की बाळाचं डोकं अडलं की रेसिडेंट मला हाक मारण्याआधी तिच्याकडे बघतात. आमच्याशी ती नीट पुस्तकी मराठी बोलायची. कळा देणाऱ्या बाईपाशी गेली की मात्र तिची भाषा बदलायची. बाई कर्नाटकातली असो की बिहारमधली, आचल तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "मी हावो ना. भेऊ नोको." बाईला शब्द कळायचे की नाही कोण जाणे, पण तिचा श्वास खाली बसायचा.

त्या दिवशीही बसला. अर्ध्या तासात मुलगी झाली. हातमोजे काढताना मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आचल, तू डॉक्टर व्हायला हवं होतंस."

"राहू द्या ना, मॅडम," ती नेहमीसारखं हसून म्हणाली आणि नाळेचा चिमटा तपासायला वळली.

हे वाक्य मी तिला सात वर्षांत किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. कौतुक म्हणून म्हणत होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला जुईचा फोन आला. वरून नवा नियम आला होता. मुलाखतीत पैसे चालू नयेत म्हणून आमच्या खोलीत पहिल्यापासून कॅमेरा होता, आणि तो आम्हा सभासदांवर रोखलेला होता. त्या जुन्या चित्रणांवरून 'समतोल' आता मागचाही हिशेब लावू शकत होतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीचा रंग किंचित बदलतो. माणसाच्या नजरेला ते दिसत नाही, पण चांगल्या चित्रणातून यंत्राला नाडी मोजता येते. बाहुली तर दिसतेच.

"ज्यांचा प्रवेश एखाद्या सभासदाच्या झुकावामुळे हुकला असा दाट संशय आहे, अशा मुलाखती त्या सभासदाला दाखवायच्या," जुई म्हणाली. "सभासदानं 'माझे गुण वाकडे होते' अशी सही केली तर त्या उमेदवाराला जादा जागा मिळते, कुठल्याही सरकारी कॉलेजात. अट एकच, त्याचं वय एकतीसच्या आत हवं. सही नाही केली तर फाइल बंद. उमेदवाराला काहीच कळत नाही."

"आणि सही केली तर?"

"सभासदाचं नाव फलकावर लागतं. आणि समिती सोडावी लागते."

माझ्या वाट्याला एकच चित्रण आलं होतं. बारा वर्षांपूर्वीचं, उमेदवार क्रमांक चारशे सतरा. पडद्यावर आम्ही तिघं समोरून दिसत होतो: मध्ये अध्यक्ष डॉ. मोडक, उजवीकडे मी, केस अजून काळे. उमेदवार पाठमोरी. लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

मी ऐकत होते. मुलगी हुशार होती, उत्तरं नेमकी. मोडकांनी शेवटचा प्रश्न टाकला, "तुम्ही आडगावच्या दवाखान्यात आहात. रुग्ण वेदनेनं तळमळतोय आणि औषध संपलंय. काय कराल?"

वेण्या सरळ झाल्या. मग आवाज आला, "गाडी बोलावीन, सर. अन् गाडी येईलोक त्याच्यापाशी बसून राईन. हात धरून म्हणीन, मी हावो ना, भेऊ नोको."

जुईनं चित्रण थांबवलं असेल. मला कळलं नाही. माझे कान आता त्या खोलीत नव्हतेच, ते लेबर रूममध्ये तीन नंबरच्या टेबलापाशी होते.

"मॅडम, पाणी देऊ?"

"पुढे दाखव."

पुढे जे होतं ते सांगण्याआधी आमची एक रीत सांगायला हवी. समितीत गुण आधी पेन्सिलीनं लिहायचे. उमेदवार बोलत असतानाच आम्ही लिहायचो, मग अध्यक्षांचा कल बघायचा, आणि फार तफावत नको म्हणून आपला आकडा खोडून जवळ न्यायचा. शाई सगळ्यात शेवटी. नियमात हे कुठंही नव्हतं. पण प्रत्येकाच्या पुढ्यात पेन्सिल आणि खोडरबर ठेवलेला असायचा, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पडद्यावर मी त्या उत्तरानंतर लगेच पेन्सिलीनं आकडा लिहिला. जुईनं कागद मोठा करून दाखवला. नऊ.

मग मोडक खुर्चीत मागे रेलले आणि हसत हसत म्हणाले, "हावो ना! भले. रुग्ण औषधाशिवायच पळत सुटेल." तिसरे सभासदही हसले. मीही हसले. आणि हसता हसता खोडरबर उचलला, नऊ पुसले, पाच लिहिले.

ती दोन गुणांनी यादीतून राहिली होती.

"हे मला विचित्र वाटलं, मॅडम," जुई जपून बोलत होती. "तिरस्कार असला की बाहुली आकसते. तुमची मोठी झालीय. ती बोलायला लागल्यापासून शेवटपर्यंत. आपलं माणूस भेटल्यावर होते तेवढी. नाडी चढलीय ती अध्यक्ष हसल्यावर. यंत्र दोन्ही नोंदवतं, पण त्याला याचा अर्थ लावता येत नाही. झुकाव विरुद्ध, एवढंच ते म्हणतं."

मला लावता येत होता. ती पोर आवडली होती मला. आणि ती आवडली हे शेजारच्या दोघांना कळलं तर उद्या ते विचारतील, गाव कुठलं हो तुमचं? एवढ्या एका भीतीपायी मी तिचे चार गुण पुसले होते. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

चारशे सतरा नंबरची जन्मतारीख कोपऱ्यात होती. सप्टेंबरच्या चार तारखेला तिला एकतीस वर्षं पूर्ण होणार होती.

मोडकांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. ते आता मुंबईला मोठ्या पदावर होते. "वैजयंतीबाई, तुमचं एक प्रकरण निघालंय म्हणे. सही करायच्या भानगडीत पडू नका."

"का?"

"अहो, तुम्ही हजारो मुलांना गुण दिलेत. एक सही केलीत की बाकीच्यांचे आईबाप कोर्टात रांग लावतील. ज्यांना रीतसर प्रवेश मिळाला त्या पोरांच्या डिग्रीवरही बोट ठेवतील. पुढच्या वर्षी अध्यक्ष तुम्हालाच करायचं ठरलंय. आणि त्या मुलीला काही माहीतच नाही, तिचं काय बिघडतंय? लागली असेल कुठेतरी."

"लागलीय," मी म्हटलं.

"मग झालं तर."

त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, तीच पंचाईत होती. शिवाय माझ्या मनात आणखी एक विचार येऊन गेला, तोही सांगते: आचल गेली तर माझी लेबर रूम कोण सांभाळणार? असले विचार करून मी दोन आठवडे काढले. वॉर्डात तिच्याशी बोलताना माझी नजर तिच्या हातांवरच राहायची.

एका दुपारी लेबर रूम शांत होती. ड्युटी रूममध्ये आचल गॉजच्या घड्या घालत बसली होती. मी दार लोटलं आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"आचल, बारा वर्षांपूर्वी तू इथे मुलाखत दिली होतीस."

तिचे हात थांबले नाहीत. "हो."

"मी समितीत होते."

"माहीत आहे मला."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही ओळखलं नाहीत. मग काय बोलायचं?" ती हसली. "मॅडम, मी या हॉस्पिटलात का आले माहितीये? नर्सिंग झाल्यावर मला अकोल्यात नोकरी लागत होती, घराजवळ. पण मी इथे अर्ज केला. त्या दिवशी खोलीत तिघं होते. दोघं हसले. तुम्हीही हसलात, पण तुमचे डोळे हसत नव्हते. मी बोलत होते तेव्हा तुम्ही एकट्याच माझ्याकडे माणसासारखं बघत होतात. आणि ते हसल्यावर तुम्ही खोडरबर घेतला, मी पाहिलं. मला वाटलं, बाई आता माझे गुण वाढवतायत. या दोघांना न जुमानता वाढवतायत." तिनं घडी बाजूला ठेवली. "नंबर हुकला, पण ते माझ्या मनात राहिलं. म्हटलं, काम करायचं तर या बाईच्या हाताखाली."

मी तिथून उठून गेले असते तर चाललं असतं. तिचं काहीच बिघडलं नसतं, माझंही नाही. सात वर्षं तिनं ज्या बाईसाठी जीव ओतून काम केलं ती बाई शाबूत राहिली असती.

"कमी केले मी," मी म्हटलं. "नऊ होते. पाच केले."

तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिला हिशेब करायला वेळ लागत नाहीये. दोन गुणांनी हुकलं, आणि चार पुसले.

"काहून?"

सात वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी तिच्या बोलीत बोलली.

मी सांगितलं. दर्यापूर, जिनिंग, मेसमधलं टेबल, नळ सोडून केलेली घोकंपट्टी, सगळं. सांगताना मला रडू आलं, पण तिनं रुमाल दिला नाही, आणि बरं केलं. मग मी नियम सांगितला, सहीचा, जागेचा, चार तारखेचा. म्हटलं, "तुला विचारल्याशिवाय सही करावी की नाही..."

"मले काहून विचारता?" ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "तवा इचारलं व्हतं? तुमच्या चुकीवर तुमाले सही कराची तर करा. माह्या परवानगीनं कराची अन् मंग मोकळं व्हाचं, असं नाई होत, मॅडम. जागा घ्याची का नाई, थे मी पाहीन." दाराशी जाऊन ती वळली. "अन् मले आजवर म्हणत आल्या, तू डॉक्टर व्हायला पाहिजे होती. कोणत्या तोंडानं म्हणत होत्या वं?"

"मला माहीत नव्हतं गं."

"थेच तं," ती म्हणाली आणि गेली.

गॉजचा ढीग तसाच राहिला. मी बसून उरलेल्या घड्या घातल्या. वाकड्या झाल्या.

सही मी त्याच दिवशी केली. जुईनं पेन पुढे केलं, तेव्हा माझा हात नको तितका शांत होता. चार दिवसांनी फलकावर नाव लागलं. मोडकांनी फोन केला नाही. वकिलांच्या नोटिसा मात्र येऊ लागल्या आणि अजून येताहेत. त्यांतल्या काही खऱ्याही असतील, मला आता कशाचीच खात्री देता येत नाही. कॉलेजातले लोक जिन्यात भेटले की "काय म्हणता" एवढं म्हणून पुढे जातात. दर्यापूरला माझा भाऊ असतो, त्यानं पेपरात वाचलं. फोन करून म्हणाला, "आईले लाजत होती का वं तू?" मी "हो" म्हटलं.

आचल रोज येत होती. कामापुरतं बोलत होती, शुद्ध मराठीत. तीन तारखेला रेसिडेंटकडून कळलं की तिनं फॉर्म भरला, नागपूरचं कॉलेज घेतलं, महिनाअखेर जाणार. मला तिनं सांगितलं नव्हतं, आणि का सांगावं?

तिच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दोन टेबलं एकाच वेळी भरलेली. एक नंबरवर रक्तस्राव सुरू झाला म्हणून आचल तिकडे गुंतलेली होती. तीन नंबरवर सोलापूरकडची एक एकोणीस वर्षांची पोर, पहिलीच वेळ, डोळे पांढरे करून ओरडत होती, "सिस्टर! सिस्टर कुठाय?" दोन रेसिडेंट तिचे पाय धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते.

मी पुढे झाले. "घाबरू नकोस, मी आहे," असं म्हणायला तोंड उघडलं, आणि ते वाक्य सोडून दिलं. मी वाकले आणि चाळीस वर्षांनी, सगळ्यांसमोर म्हटलं, "मी हावो ना, माय. भेऊ नोको."

एका रेसिडेंटनं चमकून दुसऱ्याकडे पाहिलं. कुणी हसलं का ते मी बघितलं नाही. पोर मात्र तशीच ओरडत होती, तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता.

एक नंबरच्या टेबलावरून, मान वर न करता, हात रक्तात असतानाच आचल म्हणाली, "आधी हात धरा तिचा, मॅडम. नुसतं म्हणून नाई होत."

मी हात धरला.